बाद ठरलेली नऊ मतं

नगरकर गेल्याचा मेसेज आला तेव्हा मी दुकानात एका पुरवठादाराशी पाइपांच्या भावावरून हुज्जत घालत होतो. मेसेज वाचला, फोन पालथा ठेवला आणि भाव माझ्या आकड्यावर आणूनच उठलो. मग गोदामात गेलो आणि पाइपांच्या बंडलावर बसून राहिलो... चार वर्षं मी या माणसाशी धड बोललो नव्हतो. भांडण अर्धवट टाकून ते निघून गेले, याचा मला आधी राग आला. दुःख त्यानंतर आलं.

विद्याधर नगरकर मूळचे नाशिकचे. चौदा वर्षं पर्थला गॅस प्रकल्पात इंजिनिअर होते, तिथलंच नागरिकत्व घेतलं आणि मग नोकरीनिमित्त दोह्यात आले. मी रत्नागिरीजवळच्या एका खाडीकाठच्या गावातून एकोणिसाव्या वर्षी इथे आलो, दुसऱ्याच्या दुकानात पोती उचलली आणि आज दोह्यातल्या अल सद्द भागात माझं स्वतःचं नळ-पाइपांचं दुकान आहे. आमची ओळख तिथलीच. ते स्वयंपाकघरासाठी नळ घ्यायला आले होते. किंमत कमी करा असं एकदाही म्हणाले नाहीत. फक्त विचारलं, हा नसेल तर दुसरा कुठला द्याल, आणि तोही नसेल तर तिसरा कुठला? तिन्ही ओळीने काउंटरवर मांडायला लावले. पुढे काय वाढून ठेवलंय ते मला तेव्हाच कळायला हवं होतं.

ऑस्ट्रेलियात निवडणूक लागली की ते त्यांच्या दूतावासात जाऊन मत द्यायचे. तिथे मतदान सक्तीचं आहे; परदेशात असणाऱ्याला सूट मिळते, पण यांना ती नको असायची. दोनदा मी त्यांना गाडीतून घेऊन गेलो. परत येताना पूर्ण रस्ता आमचा वाद. आपल्याकडे विधान परिषदेला पसंतीक्रम असतो, तसा तिथे साध्या खासदारालाही असतो. सगळ्या उमेदवारांपुढे एक, दोन, तीन असे आकडे लिहायचे. कुणालाच निम्म्याहून जास्त मतं नसतील तर तळाचा उमेदवार बाद होतो आणि त्याची मतं पुढच्या पसंतीप्रमाणे इतरांकडे जातात. नगरकर पहिला आकडा कायम एका चिमुकल्या पक्षाला द्यायचे. नद्यांच्या पाण्यापलीकडे त्या पक्षाला दुसरा विषय नव्हता आणि तो कधी निवडूनही येत नव्हता. मी म्हणायचो, साहेब, मत फुकट घालवलंत. ते म्हणायचे, फुकट कसं? माझा उमेदवार पडला की तेच मत अख्खंच्या अख्खं दुसऱ्याकडे जातं. आणि मोठ्या पक्षाला कळतं की हे मत पाण्याच्या गावाहून आलंय.

मला हे पटायचं नाही. ज्याचा माणूस शेवटून पहिला आला, त्याला दोनदा बोलायची संधी का? नगरकर शांतपणे सांगायचे की तुझ्या माणसाचं मतही दुसऱ्या फेरीत पुन्हा मोजलंच जातं, फक्त ते तुझ्यापाशीच उभं असतं. एकदा त्यांनी सांगितलं, की तिथल्या वरच्या सभागृहात पूर्वी छोटे पक्ष आपापसांत पसंतींचे सौदे करायचे आणि मूठभर मतांवर एखादा निवडून यायचा. मी खूश. म्हटलं, हा तर आपला धंदा. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणून तर कायदा बदलला, इक्बालभाई. आता आकडे मतदारानेच लिहायचे. सौदा त्याच्याशी करायचा."

आमच्या मराठी मंडळात तोवर हात वर करून अध्यक्ष निवडायचे. ज्याचा आवाज मोठा, त्याच्या बाजूला हात जास्त. नगरकरांनी सगळ्यांच्या मागे लागून पसंतीक्रमाची पद्धत आणली. मतपेटी म्हणून मीच त्यांना खजुराचा मोठा पत्र्याचा डबा दिला आणि दुकानातल्या कटरने झाकणाला फटही पाडून दिली. मी स्वतः उभा होतो. समोर प्राजक्ताताई, पुण्याच्या, तेल कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. तिसरा कदम, बीडकडचा, क्रेन चालवणारा, इंडस्ट्रियल एरियातल्या कामगारांच्या कॅम्पमध्ये राहणारा. त्याची मागणी एकच: शुक्रवारच्या कार्यक्रमाला कॅम्पवरून बस सोडा.

नगरकरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की कदम निवडून येणार नाही, पण त्याच्या माणसांचं दुसरं मत महत्त्वाचं आहे, जाऊन भेट. मी भडकलो. दुसऱ्या नंबरासाठी मी कुणाच्या दारात जात नाही, असं ऐकवलं. प्राजक्ताताई गेल्या, कॅम्पमध्ये सतरंजीवर बसून चहा प्यायल्या आणि बसचा शब्द देऊन आल्या.

आणि मी काय केलं? हे आजवर मी कुणाला सांगितलेलं नाही. मी माझ्या खास माणसांना सांगितलं, माझ्यापुढे एक लिहा आणि बाकीचे चौकोन कोरे ठेवा. समोरच्याला दोन नंबर तरी का द्यायचा? मला वाटलं मोठा डाव टाकला. नगरकरांनी नियम पत्रिकेच्या डोक्यावर ठळक छापला होता: सर्व नावांपुढे आकडा हवा, अन्यथा मत बाद. मी तो वाचला होता. पण छापलेला भाव शेवटचा असतो असं मी आयुष्यात कधी मानलं नाही. तिथेही घासाघीस होईल, असंच मला वाटलं.

घासाघीस झाली नाही. मतं नगरकरांनीच मोजली. पहिल्या फेरीत मी पुढे होतो. कदम बाद झाला, त्याची मतं बहुतेक प्राजक्ताताईंकडे गेली आणि मी चार मतांनी पडलो. बाद मतं नऊ. नऊच्या नऊ माझी, नुसता एक लिहिलेली. मी भर हॉलमध्ये उभा राहिलो. "नगरकर साहेब, माझी नऊ माणसं तुम्ही कचऱ्यात टाकलीत." ते म्हणाले, "नियम आधी छापला होता." एवढंच. तो कोरेपणा कुणाच्या सांगण्यावरून आला, हे त्यांना पत्रिका पाहताच कळलं असणार. हॉलमध्ये ते बोलले असते तर मी तिथेच संपलो असतो. ते बोलले नाहीत... त्या दिवशी नाही, पुढेही नाही.

मी मात्र बोलत राहिलो. मदिनत खलीफापासून अल दुहैलपर्यंत ज्या घरी जेवायला गेलो तिथे सांगितलं, की या ऑस्ट्रेलियन पद्धतीने मला पाडलं, जास्त मतं मिळालेला घरी बसला. लोकांना ते खरं वाटलं, कारण पहिल्या फेरीत मी पुढे होतोच. नगरकरांची पद्धत बदनाम झाली आणि त्यांनी ती बदनामी गुपचूप सोसली. गेल्या हिवाळ्यात औषधांच्या दुकानात ते भेटले. खूप वाळले होते. म्हणाले, मंडळाच्या निवडणुकीत या खेपेला मोजायला मी नसेन, तू लक्ष घाल. मी फटकन म्हटलं, आधी माझ्या नऊ मतांचा हिशोब द्या. ते हसले. "ती आहेत माझ्याकडे. जपून ठेवलीत." त्यांच्याशी तेवढंच शेवटचं बोललो.

गेल्या आठवड्यात नगरकरांच्या पत्नीने, मंगलावहिनींनी बोलावलं. अल दुहैलचं घर आवरून त्या नाशिकला निघाल्या आहेत. हॉलभर खोकी. त्यांनी खजुराचा तो डबा माझ्या हातात ठेवला आणि म्हणाल्या, "हा तुम्हालाच द्यायचा, असं बजावून ठेवलं होतं. भांडण तुमचं, डबाही तुमचाच." मी विचारलं, माझ्यावर रागावले होते का? वहिनी म्हणाल्या, "रोज. आणि रोज विचारायचे, इक्बालचा फोन आला का."

डब्यात एक पेन्सिल होती. ऑस्ट्रेलियात मत पेन्सिलीने देतात म्हणून ते इथेही पेन्सिलच द्यायचे आणि पेन्सिल खोडता येते म्हणून मी ओरडायचो. एक चिकटवलेलं पाकीट होतं, त्यावर त्यांच्या अक्षरात ‘बाद, नऊ’. आत एक चिठ्ठीही होती. ऑस्ट्रेलियातल्या एका राज्यात नुसता एक लिहिलेलं मतही धरतात, इतकं तिच्यात लिहिलं होतं, आणि खाली: ‘मी कडक नियम निवडला, कारण ज्याच्यावर राग आहे त्याच्यापुढेही आकडा लिहायचा तर त्याचं नाव वाचावं लागतं. यावर इक्बालशी बोलायचं राहिलं.’

म्हणजे माझी तक्रार अगदीच खोटी नव्हती. दुसरा नियम होता, त्यांना ठाऊक होता आणि त्यांनी तो घेतला नाही. हे मी त्यांना अजूनही माफ केलेलं नाही. पण येत्या सभेत पुन्हा हात वर करण्याची जुनी पद्धत आणायचा ठराव येतोय आणि त्यात पुरावा म्हणून माझंच नाव घातलंय. तो ठराव मी पाडणार. उभा राहून सांगणार, की मला पद्धतीने पाडलं नाही, मीच माझी मतं कोरी ठेवायला लावली. कदम पडला तरी त्याची बस आज दर शुक्रवारी येते, ती याच पद्धतीमुळे. हात मोजले असते तर कॅम्पकडे कुणी फिरकलं नसतं, मी तर नाहीच. आणि मग माझी अट घालणार: नुसता एक लिहिलेलं मतही, तो उमेदवार उभा आहे तोवर धरायचं. नगरकर असते तर या अटीवर तासभर भांडले असते. आता दोन्ही बाजूंनी मलाच भांडावं लागेल.

पाकिटातल्या नऊ पत्रिका मी काउंटरवर ओळीने मांडल्या. आठ कुणाच्या ते कळायला मार्ग नाही. नववीवरच्या एकच्या आकड्याखाली आडवी रेघ आहे. मालाच्या चलनावर मी अशीच मारतो आणि नगरकरांनी माझी चलनं दहा वर्षं पाहिली होती. एकोणिसाव्या वर्षी देश सोडलेल्या माणसाने आयुष्यात कागदावर दिलेलं ते पहिलं मत... ते मोजलं गेलं नाही आणि ते कुणाचं, हे मोजणाऱ्याला ठाऊक होतं.

पत्रिका पुन्हा पाकिटात घातल्या. डबा दुकानात गल्ल्याशेजारी ठेवलाय, गिऱ्हाइकं विचारतात, खजूर आहेत का. पेन्सिलीचं टोक मोडलं होतं, मी तिला नवं टोक काढून ठेवलं. या खेपेला तिन्ही चौकोन भरणार आहे.