मागच्या अंगणाचा रिपोर्ट

वसंत आला की लोकांना कविता सुचतात. रिजेक्टमामांना मळमळायला लागायचं.

मामांनी बत्तीस वर्षं बेअरिंगच्या कारखान्यात तपासनीस म्हणून काढली. छर्रा भिंगाखाली धरायचा, ओरखडा दिसला की लाल ठिपका मारायचा आणि बाजूच्या पेटीत टाकायचा. चांगल्या मालाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. "जे बरोबर आहे त्याची नोंद कशाला?" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. कारखान्यातून ते निवृत्त झाले, डोळा काही झाला नाही. भाच्यानं लहानपणी त्यांना रिजेक्टमामा म्हटलं आणि गल्लीनं ते नाव उचललं. लग्नाचंही असंच राहून गेलं. मुली बघतानाही म्हणे हाच डोळा आडवा आला.

घरात मामा आणि त्यांची थोरली विधवा बहीण, अक्का. थंडी सरता सरता अक्का मागच्या अंगणात शेवाळावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर म्हणाले, आता चाला. व्यायाम शिकवणाऱ्या बाई रोज येऊन वॉकर पुढ्यात ठेवायच्या आणि अक्का त्याच्याकडे यमदूत असल्यासारखी बघायची. "पडेन मी," एवढंच म्हणायची. पाय काही उचलायची नाही.

शेवटी भाच्यानं, म्हणजे तिच्या मुलानं, निक्षून सांगितलं. "आई, रविवारपर्यंत मागच्या दारापर्यंत आपली आपण चाललीस तर ठीक. नाहीतर माझ्याकडे यायचं. नववा मजला असला तरी लिफ्ट आहे. मामाला तरी किती राबवायचं?"

पलंगापासून मागच्या दारापर्यंतचं अंतर मामांनी तेवढं मोजून ठेवलं. बावीस पावलं. अक्का गेली तर घरात बोलायला उरणार कोण, कुकरची शिट्टी?

अक्काच्या खोलीतून अंगण दिसत नसे. रोज सकाळी ती विचारायची, "धाकट्या, मागं काय चाललंय रे?" मग मामा नाकाला रुमाल लावून अंगणात जात आणि येऊन रिपोर्ट देत.

"जास्वंदीला पालवी फुटलीय आणि पालवीवर मावा. हिरवा, लिबलिबीत. मुंग्या त्या किड्यांच्या ढुंगणाशी मिशा हलवतात, मग तिथून गोड पाणी येतं, आणि त्या ते पितात. पितात, अक्का!"

"आणखी?"

"टाकीपाशी दोन गोगलगाई एकमेकींना चिकटल्यात. मध्ये नुसता फेस. काय चाललंय ते मी विचारलं नाही."

अक्का हसली, मग खुबा धरून कण्हली. "अरे, एखादं फूल नाही का?"

"आहेत की. चौदा. पण फुलांचा रिपोर्ट नसतो."

मामांना त्या ऋतूची खरोखर शिसारी यायची. जो तो पाझरत होता. झाडाच्या खोडाला डिंक सुटलेला, दोरीवरच्या बनियनला पिवळी पूड, आणि पायाखाली कधी काय फुटेल त्याचा नेम नाही. या बुळबुळीतपणानंच अक्काला पाडलं होतं. ती पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी गुडघ्यांवर बसून त्यांनी सगळं शेवाळ तारेच्या ब्रशनं खरवडून काढलं होतं आणि नंतर दोनदा आंघोळ केली होती.

गुरुवारी ते अंगणातून आले तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला होता.

"त्या शेंडीवाल्या पक्ष्याचं घरटं आहे ना जास्वंदीत? आई तीन अर्धीबोडकी पिल्लं सांभाळतेय. एकानं बूड वर केलं, पांढरी पिशवीच बाहेर टाकली, आणि आईनं ती गिळली."

"कसली पिशवी?"

"पिल्लाची शी."

"काहीतरीच! अरे, बुलबुल म्हणतात त्याला. एवढा देखणा पक्षी असलं करेल? तुला मोतीबिंदू झालाय."

मामांना तो घाव वर्मी बसला. "बत्तीस वर्षांत माझा एक रिपोर्ट खोटा निघाला नाही, अक्का. येऊन बघ."

"येऊन बघ म्हणे!"

"बावीस पावलं आहेत. आणि पिल्लांना पिसं फुटतायत. रविवार-सोमवारपर्यंत उडाली की पुरावा गेला."

अक्का पलंगाखाली बोट दाखवून म्हणाली, "आणि समजा असेल खरं, तर नाक कसलं मुरडतोस? माझं हे भांडं रोज सकाळी कोण नेतं? त्यावर कधी लाल ठिपका मारलास?"

मामांनी भांड्याकडे पाहिलं. ते नेताना आपण नाकाला रुमाल लावला होता का, हे त्यांना काही केल्या आठवेना.

"ते वेगळं," ते म्हणाले.

"काही वेगळं नाही. आण तो वॉकर. तुझा रिपोर्ट मीच तपासते."

त्या दिवशी चार पावलं झाली. शुक्रवारी अकरा, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत. तिथं खुर्चीत बसून अक्कानं वॉकरला, बाईंना, मामांना आणि बुलबुलांच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. शनिवारी सतरा. मामा तिच्यासमोर उलटे चालायचे, हात पसरून, तिला न शिवता.

रविवारी भाचा मोठी रिकामी बॅग घेऊन आला. पलंगावर कुणी नव्हतं. मागच्या दारात वॉकरला धरून अक्का उभी होती आणि शेजारी मामा, श्वास रोखून.

"आई! तू चालत आलीस?"

"नाही, उडत आले. गप्प उभा राहा, आत्ता शी करेल ते."

बुलबुलाची मादी वळवळती अळी चोचीत धरून आली. अळी एका पिल्लाच्या घशात गेली. पिल्लानं बूड वर केलं. पांढरी पिशवी आली आणि आईनं ती मुकाट्यानं गिळली.

"शीऽऽ!" अक्का ओरडली. गेल्या दोन महिन्यांत तिचा एवढा खणखणीत आवाज कुणी ऐकला नव्हता. "खरंच की रे! मोतीबिंदू नाही तुला."

भाच्यानं तोंडावर हात दाबला. संध्याकाळी बॅग रिकामीच परत गेली.

सोमवारी मामांनी पलंगाखालचं भांडं घासून टाकीपाशी उपडं घातलं. मंगळवारी सकाळी अक्का आपली आपण दारापर्यंत आली आणि अंगणभर नजर फिरवून म्हणाली, "धाकट्या, तुझ्या तपासणीत एक जागा राहिलीय. ते भांडं उचल बघू."

मामांनी भांडं उचललं. आत तीन गोगलगाई होत्या, आणि फेस.

मामांनी खिशातून रुमाल काढला.