पोस्टमनकाकांच्या कोटाचा डावा खांदा

मणकेताईंना माणसांचे चेहरे काही केल्या लक्षात राहत नाहीत. रस्त्यात कुणी नमस्कार केला की त्या तोंडभर हसतात, पण ओळख पटते ती माणूस पुढे निघून गेल्यावर. "हां, ही कंबर तर बँकेतल्या बाईंची!" त्यांचं खरं नाव काय, हे गल्लीत कुणाला ठाऊक नाही आणि त्यावाचून कुणाचं अडलेलंही नाही. आखडलेल्या माना, धरलेल्या कंबरा, पुढे आलेले खांदे फिरून फिरून त्यांच्याच टेबलावर येतात.

टेबल कसलं, रुंद बाकडंच ते. वर जाड गादी आणि एका टोकाला तोंड ठेवायला भोक. पालथं पडलं की त्या भोकातून फरशी दिसते आणि ताईंचे मोजे. दुखऱ्या जागी कोपर टेकवायचं, अंगाचा भार हळूहळू सोडायचा आणि स्नायू सैल होईपर्यंत जागचं हलायचं नाही, अशी त्यांची रीत. "ओरडा खुशाल," त्या म्हणतात, "पण श्वास रोखलात तर माझ्याशी गाठ आहे."

खोली एकच, मधे पडदा. अलीकडे ताई, पलीकडे त्यांचे यजमान, म्हणजे शिंपीकाम करणारे मास्तर. बायको माणसाचं वाकडेपण काढते आणि नवरा ते कापडाखाली झाकतो, अशी गल्लीत चेष्टा चाले. दोघांचा नियम मात्र कडक. टेबलावरचं दुखणं पडद्यापलीकडे जायचं नाही आणि कुणाचं पोट किती सुटलंय ते अलीकडे यायचं नाही.

ताईंना घोर होता तो मास्तरांच्या मानेचा. मशीनवर वाकून वाकून ती इतकी पुढे आली होती की हनुवटी छातीला टेकायचीच बाकी होती. दारात आलेलं गिऱ्हाईकही ते हल्ली चपलांवरून ओळखत. ताईंनी हात पुढे केला की उत्तर ठरलेलं, "मला काय धाड भरलीय?" अख्ख्या गल्लीला बरं करायचं आणि घरच्याच माणसाने जवळ फिरकू द्यायचं नाही, याचं ताईंना वाईट वाटे, संतापही येई. एक दिवस ही मान अडकणार आणि यांचं मशीन कायमचं बंद पडणार, या भीतीने त्यांचा जीव टांगणीला लागलेला असे.

एका दुपारी पोस्टमनकाका कोट न्यायला आले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलीचं लग्न होतं. टपालाची पिशवी वाहून काकांचा डावा खांदा जन्मभर खाली झुकलेला. मास्तर त्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या, कोटाच्या डाव्या खांद्यात कापसाची जाड गादी भरत. "तुमचं माप मला तोंडपाठ आहे," असं म्हणून या वेळीही त्यांनी नव्याने माप घेतलं नव्हतं.

काकांनी कोट चढवला.

"काका, डावा खांदा खाली करा," मास्तर कोटाची खालची कड ओढत म्हणाले.

"खालीच आहे हो!"

"मग ही कड वर का जातेय?"

पडदा सारून ताई आल्या आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. गेले काही महिने काका त्यांच्या टेबलावर येत होते. खांदा केव्हाच समपातळीत आला होता. आता त्यावर गादी चढून काका चक्क दुसऱ्या बाजूला कलले होते.

"माझं गिऱ्हाईक सरळ करायला तुला कुणी सांगितलं होतं?" मास्तर कडाडले.

"तुम्ही एकदा मान वर करून बघितलं असतं तर ही वेळ आली असती का?"

मास्तरांनी कोट हिसकावून घेतला, रागारागाने अस्तर उसवायला वाकले आणि "आई गं!" करून तसेच राहिले. मान ना इकडे, ना तिकडे.

काका रडकुंडीला आले. "मास्तर, उद्या मी लेकीशेजारी हा वाकडा कोट घालून उभा राहू का?"

मास्तर निमूटपणे टेबलावर पालथे झाले. "कोटासाठी म्हणून हां. माझ्यासाठी नाही."

ताईंनी कोपर लावलं नाही. नुसते तळवे ठेवले. इतक्या पाठी हाताळलेल्या बाई, पण आज सुरुवात कुठून करावी तेच त्यांना कळेना. मानेखाली गाठींवर गाठी बसल्या होत्या.

"तुझ्या मोज्याला भोक पडलंय," खालून आवाज आला.

"मग शिवून द्या. आणि श्वास घ्या."

बऱ्याच वेळाने एक गाठ हळूच सुटली, मग दुसरी. ताईंनी त्यांना हाताला धरून उठवलं, टाचा भिंतीला लावून उभं केलं आणि हनुवटी अलगद मागे नेली. मास्तरांची मान पूर्ण नाही, पण बरीच वर आली. समोर बायको उभी होती. ते बघतच राहिले.

"तू चष्मा कधी बदललास?"

"मागच्या वर्षी," ताई म्हणाल्या. सुनावायला पुष्कळ होतं, पण त्यांनी नुसता चष्मा नाकावर नीट बसवला.

"मास्तर, तेवढा कोट..." काकांनी हळूच आठवण केली.

"देतो हो, आजच देतो," मास्तर म्हणाले. "जरा बघू तर द्या."