कोण चावलं ते आधी सांगा

गल्लीत कुणी ओरडलं, की ती हातातलं काम हातातच घेऊन यायची. डाळ निवडत असली तर सूप कमरेशी, भाकरी थापत असली तर हात पिठाचे. आल्यावर ओरडणाऱ्याकडे बघायची नाही. आधी वळचणीकडे बघायची, मग आढ्याकडे, मग कोनाड्यात. आणि विचारायची, "कोण चावलं?"

कुठं चावलं, फार दुखतं का, असं विचारणारी माणसं तुमच्याही गल्लीत असतील. आमच्या गोरेगाव या खेड्यातही पुष्कळ होती. कोण चावलं, हे विचारणारी मात्र ती एकटीच. सगळे तिला आक्का म्हणत.

मी लग्न होऊन गोरेगावला आले तेव्हा अजून निजामाचं राज्य होतं. पुढे आमचं किराणा दुकान, मागे घर, आणि कुडाच्या पलीकडे आक्काच्या भावाचं घर. ती विधवा होती आणि भावाकडे राहायची, एवढंच मला माहीत होतं. नव्या सुनेनं याहून जास्त विचारायचं नसतं.

तिची माझी ओळख गोवऱ्यांच्या ढिगापाशी झाली. गोवरी उचलायला हात घातला आणि मनगटात निखारा ठेवल्यासारखं झालं. मी किंचाळले. आक्का आली.

"कोण चावलं?"

"माहीत नाही हो!" मी रडत म्हणाले.

"इंचू व्हता का उडनारं?"

"उडणारं."

"पिवळं का काळं?"

"आक्का, मी तिचं तोंड पाहिलं नाही!"

"तोंड नको. कंबर सांग. बारीक का जाड?"

मनगट टरारून सुजलं होतं आणि ही बाई कंबर विचारत होती. मी आठवून सांगितलं, की बारीक होती, आणि उडताना मागचे पाय लोंबत होते.

"गांधीन," ती म्हणाली. गांधीलमाशी. मग तिनं माझं मनगट उजेडात धरून पाहिलं. "काटा सोडला न्हाई. मधमाशी असती तर काटा आत ऱ्हायला असता. तो चिमटीत धरून ओढायचा नसतो बरं, नखानं खरवडायचा." त्या दिवशी खरवडायला काही नव्हतं, तरी तिनं सांगून ठेवलं.

हातावर ओलं फडकं बांधलं. एवढं झाल्यावर तिनं जायला हवं होतं. ती गेली नाही. समोर बसून राहिली आणि माझ्या ओठांकडे टक लावून बघू लागली.

"बोलत राय," म्हणाली.

"काय बोलू?"

"कायबी. माहेरचं सांग."

मी माहेरचं सांगितलं. गायी किती, विहीर कुठं, बहिणी कुठं दिल्या. तिनं एकाही गोष्टीला हुंकार दिला नाही. बऱ्याच वेळानं उठली आणि "बराबर हाय" म्हणून निघून गेली. मला वाटलं, बाई जरा विक्षिप्त आहे.

पुढे तिच्याबरोबर राहून मलाही या चावणाऱ्यांच्या ओळखी झाल्या. ती या सगळ्यांबद्दल सोयऱ्यांसारखं बोलायची. काळा भुंगा तुळया पोखरतो. "आवाज मोठा, पन त्याला चावायला फुरसत न्हाई." आग्या मोहोळाच्या माश्या वाईट. "एकीशी भांडन झालं का अख्खं गाव येतं." कुंभारीण माशी भिंतीच्या कोपऱ्यात मातीचं घर बांधते. तिच्यावर आक्काचा विशेष लोभ होता. "गरीब हाय. घर बांधती, लेकराचं खानं आत ठेवती, दार लिंपती अन् निघून जाती. कोनाच्या अध्यात न्हाई." दिवाळीत घर सारवताना ती ही मातीची घरं फोडू द्यायची नाही. भावजय वैतागायची. "आमच्या घरात नंदेलाबी जागा हाय अन् माशीलाबी हाय," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. आक्का ऐकायची आणि कुंभारणीचं घर सोडून बाकीची भिंत सारवायची.

एकदा चावडीवर पाटलांना काहीतरी चावलं. तालुक्याचा कोणी अंमलदार आला होता, त्याच्यासमोरच. पाटील मांडी धरून आडवे झाले. कुणी म्हणालं साप, कुणी म्हणालं विंचू. दोघं जण मंत्र म्हणायला बसले, गाडी जुंपायला माणूस पळाला. बायका दुरून बघत होत्या. आक्का तेवढी पुढे गेली.

"कोण चावलं?"

"इंचू असंल," पाटील डोळे मिटून म्हणाले. "मोठा असंल. काळा."

"कळ वर चढून राहिली का?"

पाटलांनी विचार केला. "चढंल."

आक्कानं धोतराचा सोगा झटकायला लावला. त्यातून एक मुंगळा पडला.

"मुंगळा हाय," तिनं सगळ्या चावडीला ऐकू जाईल असं सांगितलं. मंत्र म्हणणारे मध्येच थांबले. अंमलदारानं खिडकीबाहेर तोंड केलं. पाटलांनी त्यानंतर बरेच महिने आक्काच्या भावाच्या रामरामाला उत्तर दिलं नाही.

मीही हसले होते. म्हणून एका दुपारी अंबाडी निवडताना मी तिला सहज विचारलं, "आक्का, तुम्हाला काहून हो एवढं पडलंय, कोण चावलं याचं?"

ती पानं खुडत राहिली. मग म्हणाली, "माहं सासर साखऱ्याचं. जवारी काढनं चालू व्हतं. मालक शेतातून आले, म्या पान्याचा तांब्या देल्ला. त्यायनं तोंडाला लावला अन् एकदम गळा धरला. बोलता येईना. तोंड सुजून डोळे झाकले. सासू म्हनली, सापाचं हाय. कडूलिंबाच्या पाल्याचा रस काढून घशात वतला. घशात वाटच न्हाई, रस कुठं जाईल? बैल जुंपेस्तोर सरलं सगळं."

मी हात थांबवला. ती थांबली नाही.

"तांब्यात पाह्यलं तर गांधीन. जित्ती. कडंवर चढून राहिली व्हती. सासूला दाखवली. सासूनं तांब्या उकिरड्यावर उपडा केला. म्हनली, माशीनं कुठं मानूस मरतो? पान्यात तूच काहीतरी देल्लं."

"मग?"

"मग मला हिकडं आनून सोडलं. त्या वक्ताला बैल लवकर जुंपल्या गेले."

अंबाडीची दुसरी जुडी पुढे ओढत ती म्हणाली, "दुसऱ्या कोनाला तसं झालं, तर लोक मानतील. पन लोकायनं मानावं म्हनून म्या कोनाचा जीव मागू काय?"

तेव्हा मला कळलं, की त्या दिवशी ती माझ्या ओठांकडे का बघत बसली होती.

पुढच्याच्या पुढच्या उन्हाळ्यात, बाजाराच्या दिवशी, आमच्या दुकानात एक जोडपं आलं. गडी गुळाची ढेप बघायला वाकला. गुळावर माश्या असतातच. त्यानं मानेवर चापट मारली आणि "आई गं" म्हणून खाली बसला. बघता बघता त्याच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, घशातून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. त्याची बायको ओरडली. कुडापलीकडून आक्का आली.

दारात आली आणि उभी राहिली. त्या बाईनं तिला पाहिलं आणि एकदम पदर तोंडावर ओढला. हा आक्काचा धाकटा दीर होता आणि ती बाई तिची जाऊ. मला हे नंतर कळलं. त्या वेळी एवढंच दिसलं, की आक्कानं काहीच विचारलं नाही. गुळाजवळ पडलेली चेंगरलेली माशी उचलली, कंबर पाहिली आणि जावेच्या हातात ठेवली.

मग दिराला पोत्याला टेकवून ताठ बसवलं, बंडीची गुंडी तोडली, मानेवर ओलं फडकं ठेवलं. एवढ्यात कुणीतरी कडुलिंबाच्या पाल्याचा रस घेऊन आलं. "पाजा लवकर! साप असंल!"

"घशात काही वतू नका," आक्का म्हणाली.

"तू कोन सांगनारी?" लोकांनी वाटी पुढे केली. आक्कानं ती घेतली, सगळा रस स्वतः पिऊन टाकला आणि रिकामी वाटी परत दिली. चेहऱ्यावर कडूपणासुद्धा दिसला नाही. दुसरी वाटी कुणी आणली नाही.

त्याचे डोळे पांढरे होत होते. तिनं त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "बोलू नको. श्वास घे. अजून एक. अजून एक." ती रागावून बोलत होती, जणू तो श्वास मुद्दामच घेत नव्हता. मला वाटलं, गेला. बाजार उठायला लागला तेव्हा कुठं ती शिट्टी मंद झाली. त्यानं भडाभडा ओकलं आणि पाणी मागितलं.

जाऊ मुठीतली माशी अजून धरून होती. हलकेच म्हणाली, "थोरल्यायचं बी असंच झालतं. म्या पाह्यलं व्हतं. तवा नवी व्हते, बोलले न्हाई."

"आता बोल," आक्का म्हणाली, आणि हात धुवायला गेली.

जाऊ बोलली असावी. पंधरवड्याच्या आत आक्काला न्यायला साखऱ्याहून बैलगाडी आली. गाडीतून म्हातारी सासू उतरली. दिसायला कमी झालं होतं, काठीनं चाचपत ओट्यापर्यंत आली. गल्ली जमली. म्हातारी जमिनीकडे बघत पुटपुटली, "माशीच व्हती."

"मोठ्यानं," आक्का म्हणाली.

म्हातारीनं मान वर केली. "माशीच व्हती! माह्या लेकाला माशी चावली व्हती!" आणि तिथंच ओट्यावर हंबरडा फोडून रडायला लागली. तिनं मुलासाठी रडायला फार उशीर केला होता, असं मला वाटलं. आक्का रडली नाही. आत जाऊन गाठोडं बांधू लागली.

मी मागोमाग गेले. "आक्का, माफ केलं तुम्ही त्यांना?"

"माफीचं मला समजत न्हाई बाई," ती गाठ आवळत म्हणाली. "तिथून मला काढलं व्हतं. आज कोनी काढून न्हाई राहिलं, मी माह्या पायानं चालले. येवढं समजतं."

भावजय दारात उभी राहून मोठमोठ्यानं रडत होती. तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटत असावं.

मी गल्लीच्या टोकापर्यंत गेले. गाडीत दोघी शेजारी बसल्या होत्या, मध्ये गाठोडं. ऊन मी म्हणत होतं. गाडी खळग्यातून गेली तशी म्हातारी पेंगली आणि तिचं डोकं गाठोड्यावरून घसरून आक्काच्या खांद्यावर आलं. आक्कानं खांदा काढून घेतला नाही, की हात पुढे करून तिला सावरलंही नाही. साखऱ्याच्या वाटेकडे बघत ती तशीच ताठ बसून राहिली, आणि गाडी वळणाआड गेली.