भोंग्यावरची कॅप्सूल

बाळांनो, काल तुमच्या आईचा फोन आला. तुमच्या धाकट्या बहिणीला फ्लू झालाय आणि डॉक्टरांनी दिलेल्या कॅप्सूलने मळमळतं म्हणून ती आता घ्यायला तयार नाही. तीच कॅप्सूल गेल्या हिवाळ्यात आपल्या भवानीनगरच्या घरी आली होती, म्हणून हे आजच लिहिते आहे.

आजोबांना ताप भरला तेव्हा आम्ही दुसऱ्याच दिवशी बारामतीला गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वय झालंय, त्यात जुना दमा. ताप छातीत उतरला तर दवाखान्यात ठेवावं लागेल, तेव्हा पाच दिवसांच्या दहा कॅप्सूल पुऱ्या व्हायलाच हव्यात. मळमळ, उलटी, डोकेदुखी बऱ्याच जणांना होते, घाबरू नका. अंगावर पुरळ आलं किंवा माणूस भलतंच बरळू लागला तर मात्र लगेच फोन करा. पोटात काहीतरी घालून घ्या, असंही त्या म्हणाल्या होत्या.

घरी येऊन मी पट्टीने रेघा मारून तक्ता केला. आजोबांची सगळी नोकरी साखर कारखान्यात गेली, त्यामुळे आमच्याकडे घड्याळापेक्षा भोंग्याला मान. रात्री आठचा भोंगा आणि सकाळी आठचा, बरोबर बारा तास. हे इतकं नीटनेटकं बसलं की मी खूश झाले. आपलं जेवण साडेआठला आणि न्याहारी नऊला असते, हे डोक्यातच आलं नाही.

पहिल्या कॅप्सूलनंतर अर्ध्या तासाने आजोबांनी मोरी गाठली. सकाळी तेच, वर डोकं ठणकायला लागलं. गोळी, उलटी, डोकेदुखी, मी तिन्ही रकान्यांत खुणा केल्या. रात्री भोंगा वाजला तेव्हा त्यांनी तोंड मिटून घेतलं.

“ताप परवडला. तुझा तक्ता भरावा म्हणून मी ओकणार नाही.”

मी छातीची, दवाखान्याची भीती घातली. त्यांनी भिंतीकडे कूस वळवली. तेवढ्यात शेजारून माझी धाकटी जाऊ दूध घेऊन आली. तिने तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला.

“अक्का, गोळीचा रकाना हाय, उलटीचा हाय. भाकरीचा कुठं हाय?”

“जेवण साडेआठला.”

“म्हंजी रिकाम्या पोटी? भाऊजी, तुमी तरी बोलायचं न्हाय व्हय?”

“भोंगा झाला की गिळायची, असा हुकूम आहे,” आजोबा भिंतीकडे बघतच म्हणाले.

जन्मभर मुलांना इंग्रजी शिकवलं, औषधाचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, आणि चुकले इथे. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, थोडा उशीर चालेल, आधी खाऊ दे. जावेने ज्वारीची भाकरी दुधात कुस्करली. आजोबांनी कुरकुरत अर्धी वाटी संपवली, मग कॅप्सूल घेतली. आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो.

“काय बघताय? लोणचं आणा,” ते म्हणाले.

थोडी मळमळ पुढेही राहिली, पण उलटी पुन्हा झाली नाही. दहाही कॅप्सूल पुऱ्या झाल्या. छाती मोकळी राहिली, दवाखान्यात राहायची वेळ आली नाही.

तेव्हा धाकटीला आधी खायला द्या. तरीही उलटी झाली तर डॉक्टरांना विचारा, पण आपल्या मनाने औषध बंद करू नका.

तो तक्ता अजून फ्रिजवर आहे. शेवटचा रकाना जावेने हाताने ओढलेला, जरा वाकडा आहे. त्यावर ‘भाकरी’ लिहिलंय आणि खाली आठ खुणा आहेत.