चार गोंड्यांची शाल

तार मिळाली तेव्हा मी शाळेच्या कामासाठी नवापूरला कचेरीत ताटकळत बसलो होतो. 'एलोजीमास्तर गेले. लगेच या.' नंदुरबार स्टेशनच्या ज्या तारयंत्रावर मास्तरांनी तारमास्तर म्हणून वीस वर्षं बोटं झिजवली, त्यावरूनच ही तार यावी... आणि गाडी नेमकी त्या दिवशी चार तास उशिरा!

मास्तर बेने इस्रायल, ज्यू धर्माचे, मूळचे कोकणातले. बोलणं तुमच्याआमच्यासारखंच मराठी. पण हा माणूस कोण, हे आमच्या गावानं कधी समजून घेतलं असेल तर शपथ! शनिवार हा त्यांचा विसाव्याचा वार, त्या दिवशी चूल पेटत नसे. लोकांनी परस्पर ठरवून टाकलं, मास्तरांना शनीचा उपास. एकदा धानोऱ्याचा एक शेतकरी वाटी घेऊन दारात उभा. "मास्तर, हाई तेल शनीमहाराजले वाही द्या." मास्तरांनी समजावून पाहिलं, मग हसून तेल ठेवून घेतलं आणि वाटी गुळानं भरून परत दिली. प्रार्थनेला ते पट्ट्यांची पांढरी शाल पांघरत. तिला ते सिसीत म्हणत. चार कोपऱ्यांना चार गोंडे. ती पाहून कुणी त्यांना पाद्री म्हणे, कुणी हाजी. मी भांडायचो. "गुरुजी, कशाला रक्त आटवता?" मास्तर म्हणायचे.

एकदाच ते गंभीर झाले. एक गोंडा बोटांत धरून म्हणाले, "हे देवाच्या आज्ञांची आठवण म्हणून. मी गेलो की यातला एक कापा आणि शाल माझ्या अंगावर घाला. मेलेल्याला आज्ञा नाहीत, त्याला सुटी. एवढं कराल?" मी हो म्हटलं. आणि दुसऱ्या कुणाला सांगून ठेवलं का? छे! गावाला अडाणी म्हणण्यातच माझी वर्षं गेली.

मी पोचलो तेव्हा माती देऊन झाली होती. शेजारच्या उखाभाऊनं शाल धुऊन, घडी करून माझ्या हातात ठेवली. "जुनं कापड मास्तरना आंगवर कसं टाकतू, गुरुजी? कोरं कापड आनं आम्ही." खड्डा त्यानंच खणला होता, डोळे रडून सुजलेले. आता याच्यावर काय डाफरणार? स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

तिसऱ्या दिवशी मास्तरांची मुलगी रिबका मुंबईहून आली. दारातच तिनं विचारलं, "काका, बाबांना सिसीत घातली ना?"

मी म्हटलं, "हो."

ती घटकाभर रडली, मग शांत झाली, आणि माझ्या पाया पडून गेली. पाया पडली माझ्या!

याला आता सहा आठवडे झाले. शाल माझ्या ट्रंकेत आहे. रोज झाकण उघडतो, चिडतो, बंद करतो. दोनदा कात्रीही हातात घेतली, पण खोटं बोलल्यावर ते करायला हात धजत नाही. रिबका, हे छापून आलं आणि अंक तुझ्यापर्यंत पोचला तर मला हवं ते बोल, पण ये. गोंडा तू काप, शाल आपण दोघं त्यांच्या मातीत ठेवू. चारही गोंडे अजून शाबूत आहेत... तुझे बाबा अजून ड्युटीवरच आहेत.