पंधरा ऑगस्टचं बंद दार

प्रताप नगरच्या एका टोकाला तेव्हा घरं मोजकी आणि बाभळी बेसुमार होत्या. तिथल्या नळाच्या रांगेत दर वर्षी एक बातमी फिरायची. धोंडबा मेश्राम आणि त्याची बायको तुळसाबाई पंधरा ऑगस्टला संध्याकाळी दार-खिडकी लावून घेतात आणि आत नाचतात.

बातमीची मालकीण शेजारची रुख्मिणीबाई. दोन घरांत मिळून एकच भिंत, तीही अर्ध्या विटेची. रुख्मिणीबाईनं त्या भिंतीला कान लावला की विटेलाही संकोच वाटावा. तिनं ऐकलं होतं ते पक्कं होतं: गोल गोल फिरणारी पावलं, जोडव्यांची टकटक, आधी दाबलेलं हसू आणि मग न दाबलेलं. आणि हसतंय कोण, तर धोंडबा! सरकारी हुकूम निघाल्याशिवाय ओठ न हलवणारा माणूस. सत्तेचाळीस वर्षांचा, लेक शामलाचं लग्न होऊन जावई आलेला.

"हे का वय आहे वं नाचायचं?" रुख्मिणीबाई विचारायची, आणि रांगेतल्या बाया पुढचं ऐकायला हंडे खाली ठेवायच्या.

धोंडबा सीताबर्डीतल्या एका लहानशा सरकारी कचेरीत चपराशी होता. कचेरी एवढीशी, की तिच्यावर झेंडा वर्षातून दोनदाच चढायचा, सव्वीस जानेवारीला आणि पंधरा ऑगस्टला. पण त्या दोन दिवसांचा राजा धोंडबा. घडी त्यानं घालायची, आत झेंडूच्या पाकळ्या त्यानं भरायच्या आणि दोरीला गाठही त्यानंच मारायची. साहेबानं एक झटका दिला की पाकळ्या साहेबाच्या टकलावर आणि झेंडा वाऱ्यावर. छप्पन साली नवरा-बायकोनं दीक्षाभूमीवर दीक्षा घेतलेली. झेंड्यावरचं चक्र अशोकाचं, म्हणजे आपल्या घरचं, अशी धोंडबाची समजूत. बाकीचे झेंड्याला सलाम ठोकून लाडवाकडे वळत. धोंडबा मात्र त्याची एखाद्या पाहुण्यासारखी उठबस करी.

हेडक्लार्क केशवरावांपाशी झेंड्याच्या नियमांचं एक पातळ पुस्तक होतं. धोंडबानं ते इतक्या वेळा वाचून घेतलं की शेवटी केशवरावच अडलं की त्याला विचारू लागले. केशरी पट्टा वर. जमिनीला टेकवायचा नाही. ऊन असो की पाऊस, सूर्योदयाला चढवायचा, सूर्यास्ताला उतरवायचा. यात धोंडबानं पदरचे नियम घातले ते वेगळेच. झेंड्यासमोर शिंकायचं नाही. पाठ फिरवून शिंकावं तर झेंड्याकडे पाठ होते, म्हणून शिंक गिळायची. पंधरा ऑगस्टच्या ओल्या हवेत त्याचे डोळे भरून आलेले दिसत ते यामुळे. लोकांना वाटे, केवढी ही देशभक्ती.

सदुसष्ट सालच्या सव्वीस जानेवारीला घात झाला. आदल्या ऑगस्टमध्ये झेंडा भिजला होता आणि धोंडबानं तो जरासा दमट असतानाच कपाटात ठेवला होता. साहेबानं दोरी ओढली, पाकळ्या पडल्या, झेंडा उलगडला, आणि पांढऱ्या पट्ट्यावर बुरशीचे काळे ठिपके. एक कोपरा उंदरानं कुरतडलेला. साहेबांनी आधी लाडू संपवला. मग म्हणाले, "धोंडबा, नवा झेंडा मागवतो. त्याला डाग पडला तर हे काम देवरावकडे."

देवराव म्हणजे दुसरा चपराशी. पायजम्याची नाडीसुद्धा ज्याला धड बांधता येत नव्हती असा. धोंडबाला रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं एक काम केलं. शहाणा माणूस जन्मात करणार नाही असं. तुळसाबाई नळावर गेलेली बघून त्यानं तिची माहेरची लोखंडी पेटी रिकामी केली, सायकलला बांधली आणि उंदरापासून झेंडा वाचवायला कचेरीत नेऊन ठेवली. ना विचारलं, ना सांगितलं. लुगडी खाटेवर ढिगानं टाकलेली.

ती पेटी खाप्याहून आलेली. तुळसाबाईचा बाप तिथला विणकर. त्यानं मागावर रात्रंदिवस बसून लेकीसाठी ती घेतली होती. तुळसाबाईनं रडारड केली नाही, भांडली नाही. तिनं फक्त नवऱ्याशी बोलणं बंद केलं. पण संसारात बोलल्याशिवाय भागत नाही, म्हणून ती कोपऱ्यातल्या रांजणाशी बोलायची.

"रांजणा, भाकर झाली. ज्याले खायची असंल त्यानं या."

धोंडबाही हट्टी. तोही रांजणालाच सांगे, "भाजीत मीठ कमी पडलं."

सहा महिने त्या बिचाऱ्या रांजणानं दोघांचा संसार चालवला.

आणि मग पंधरा ऑगस्ट आला. नवा कोरा खादीचा झेंडा, सहा फूट बाय चार, सकाळी चढला आणि दिवसभर पावसात भिजला. सूर्यास्ताला धोंडबानं उतरवला तेव्हा त्यातून पाणी निथळत होतं. कचेरीत ठेवावा तर छप्पर गळकं. पेटीत घालावा तर बुरशी. शेवटी केशवरावांची चिठ्ठी घेऊन त्यानं झेंडा घरी न्यायचं ठरवलं. सायकलच्या कॅरिअरवर? छे, तिथं माणसं बसतात. त्यानं सायकल कचेरीतच ठेवली, झेंडा धुतलेल्या पंच्यात घेतला आणि दोन्ही हातांवर धरून तीन मैल चालत निघाला. मानेत अडकवलेली छत्री झेंड्यावर, आणि धोंडबा सगळा पावसात.

घरात आला आणि तसाच उभा राहिला. आता ठेवणार कुठं? दोरीवर लुगडी-धोतरं. खाटेवर माणसं झोपतात. भिंतीला खिळे मारावे तर खादीला भोक. सूर्य मावळल्यावर झेंडा उघडा कोणाला दिसता कामा नये म्हणून त्यानं आधी कोपरानं खिडकी लोटली आणि पायानं दार लावलं. बुद्धाच्या तसबिरीखाली तुळसाबाई भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"रांजणा," धोंडबा म्हणाला, "दोन हात पाह्यजेत."

"रांजणा," तुळसाबाई म्हणाली, "ज्यानं पेटी नेली त्याले म्हणा, पेटीलेच हात फुटते का पाह्य."

"रांजणा, डाग पडला तर झेंडा देवरावकडं जाते."

"जाऊ दे. देवरावची बायको तरी पेटी सांभाळून राहिली असंल."

पाव तास गेला. पंच्यातून झेंड्याचा एक कोपरा सुटला आणि हळूहळू खाली आला. जमीन दोन बोटं उरली. धोंडबानं डोळे मिटले.

कोपरा जमिनीला लागलाच नाही. पिठाचे हात लुगड्याला पुसून तुळसाबाई चुलीपासून अशी झेपावली होती, की नंतर तिचं तिलाच नवल वाटलं. तिनं तो चिमटीत धरला, कापड बोटांनी चाचपलं आणि सहा महिन्यांत पहिल्यांदा नवऱ्याकडे सरळ बघून म्हणाली, "असं धरतेत का जी खादीले? ताणून धरा. विणकराची पोर आहो मी."

"पिळू नको वं शामलाची माय."

"कोण पिळून राहिलं? तुमी तिकडची दोन टोकं धरा. केशरी माह्याकडं, हिरवा तुमच्याकडं."

"केशरी काहून तुह्याकडं?"

"पेटी कोणाची आहे?"

पुस्तकात पेटीबद्दल नियम नव्हता. धोंडबानं हिरवी टोकं धरली.

चार हातांत झेंडा ताणला गेला, चक्र दोघांच्या मधोमध. पण ऑगस्टची दमट हवा, घरात पंखा नाही, नुसतं उभं राहून तो वाळणार कधी? तुळसाबाई म्हणाली, फिरवा. म्हणून दोघं खोलीत गोल फिरू लागली. धोंडबा डावीकडून निघाला, ती उजवीकडून, आणि झेंड्याला पीळ बसू लागला. मग ती पुढं, तो मागं. तिच्या टाचेवर त्याचा पाय पडला. "हळू चाला ना जी." वळणावर ओलं कापड त्याच्या तोंडावर फटकन बसलं आणि नेमकी त्याच वेळी त्याला शिंक आली. झेंड्यासमोर शिंकायचं नाही, म्हणून त्यानं ती गिळली. गिळताना त्याचं तोंड असं काही झालं की तुळसाबाईला हसू फुटलं. तिच्या हसण्यानं झेंडा हलू लागला, झेंडा हलतोय म्हणून तो ओरडला, "सोडू नको वं," आणि मग तोही हसला. पोटातून हसला.

भिंतीपलीकडे रुख्मिणीबाईचा कान होताच.

झेंडा सुकता सुकता करार झाला. पेटी कचेरीतच राहील, पण किल्ली तुळसाबाईच्या कमरेला. "सरकारी झेंड्याची किल्ली बाईजवळ?" धोंडबा म्हणाला. "माही पेटी सरकारी कधी झाली?" तिनं विचारलं. तेव्हापासून दर झेंडावंदनाला ती स्वतः कचेरीत जाऊ लागली, कारण किल्ली कमरेवरून सुटायची नाही. एकदा बदलून आलेल्या साहेबानं विचारलं, "ह्या बाई कोण?" केशवराव गंभीरपणे म्हणाले, "साहेब, यांच्याशिवाय आपल्याकडे स्वातंत्र्यदिन होत नाही." तुळसाबाईला खुर्ची मिळाली आणि लाडू दोन.

अडुसष्ट सालच्या जानेवारीत नवा झेंडा उलगडला तो दुधासारखा स्वच्छ. देवरावचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही, त्याच्या नाडीचं तेवढं निघत राहिलं.

पुढं दर पंधरा ऑगस्टला एखादी तरी सर झेंड्यावर पडायचीच, म्हणून धोंडबा सायकल घरीच ठेवून जायचा. संध्याकाळी झेंडा घरी यायचा, दार लागायचं, पावलं गोल फिरायची. दुसऱ्या दिवशी धोंडबा सायकलवर, मागं कॅरिअरवर तुळसाबाई, तिच्या छातीशी पंच्यात गुंडाळलेला कोरडा झेंडा, अशी वरात सीताबर्डीला जायची. पंच्यात काय आहे ते धोंडबा कोणाला सांगत नसे. सूर्य मावळल्यावर झेंडा उघडला, भले घरात का असेना, हा आपला गुन्हा असं त्याला मरेपर्यंत वाटत होतं.

रुख्मिणीबाईनं अखेर तुळसाबाईला नळावर गाठलंच. "काहून वं तुळसा, नाचता म्हणे तुमी?"

"हो वं, नाचतो," तुळसाबाई हंडा उचलत म्हणाली. "तुहा नवरा नाचवत नाही का?"

मग धोंडबाच्या नोकरीतला शेवटचा पंधरा ऑगस्ट आला. त्या दिवशी आभाळ धुतल्यासारखं निळं होतं, म्हणून धोंडबा सायकलनं गेला. संध्याकाळी झेंडा खडखडीत कोरडा उतरला आणि कचेरीतच दुसऱ्या, नव्या पेटीत गेला. साहेबांनी जुनी पेटी धोंडबाला परत दिली. तो ती सायकलला बांधून घरी आला. तुळसाबाईनं किल्लीनं उघडून बघितली, आत झेंडूच्या दोन-चार सुकल्या पाकळ्या होत्या. दोघं पेटीजवळ बसली. हातात काहीच नव्हतं. मग तुळसाबाई उठली, तिनं खिडकी लोटली आणि दार लावलं.

भिंतीपलीकडे रुख्मिणीबाईनं पावलं ऐकली, जोडवी ऐकली, हसू ऐकलं, आणि सकाळी रांगेत सांगितलं.

खरी गोष्ट अशी. अकरा वर्षं ते दोघं बंद दाराआड ओला झेंडा वाळवत होते. बाराव्या वर्षी झेंडा कोरडा होता. त्या वर्षी ते नाचले.