निवडलेली ज्वारी

कोणाच्या संशोधनाचं वजन किती ते मोजून कळवा, असं दिल्लीहून आलं तेव्हा संस्थेत आधी हशाच पिकला. परभणीतली ती अन्न संशोधनाची संस्था म्हणजे पत्र्याच्या खोल्यांच्या दोन ओळी, मधे कडुलिंब, आणि प्रयोगशाळेच्या नळाला दिवसाआड पाणी. तिथल्या माणसांचं वजन करायचं तरी कशानं? शिपायानं विचारलंच, "मोंढ्यातला धान्याचा काटा आणू का, साहेब?"

ग्रंथपाल दिनकररावांनी मग चहाच्या वेळी सगळ्यांना समजावून सांगितलं. लेख किती छापले हे एक. आणि त्या लेखांचा आधार जगात दुसऱ्या कुणी घेतला, आपल्या लेखाखाली तुमचं नाव दिलं, हे दुसरं. त्याला उल्लेख म्हणायचं. "लग्नात पंगती किती उठल्या त्यावरून कार्याचा मोठेपणा ठरवतात ना, तसं आहे हे."

"आणि कुणी नावं ठेवण्यासाठीच नाव घेतलं असलं तर?" अनसूयाबाईंनी विचारलं.

"कुणी जेवून दुवा दिला, कुणी वरण पातळ म्हणून गेला. पत्रावळी मोजणाऱ्याला दोघंही सारखेच, बाई."

अनसूयाबाई कौसडीकर वालूरच्या शाळामास्तरांची मुलगी. शाळा सगळी मराठीतून झालेली, कॉलेजात रसायनशास्त्राचं इंग्रजी पुस्तक पहिल्यांदा उघडलं तेव्हा पानभर रडल्या होत्या. लग्न झालं, नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. सासरच्यांनी जा म्हटलं नाही आणि राहाही म्हटलं नाही. तेव्हापासून नानलपेठेत मारुतीच्या देवळामागं एक खोली, सकाळी देवापुढं निरांजन, आणि दिवसभर प्रयोगशाळा. बायका हळदीकुंकवाला बोलावत नसत, त्याचं त्यांनी कधी वाईट वाटून घेतलं नाही. निदान दाखवलं तरी नाही. काचेच्या भांड्यांना विधवा काय आणि सवाष्ण काय.

उल्लेखांच्या नोंदींचे जाडे खंड परभणीत कुठले मिळायला? दिनकररावांची मेहुणी हैदराबादला होती. तिच्याकडं मुक्काम ठोकून, तिथल्या मोठ्या ग्रंथालयात बसून, भिंग लावून ते मुंगीएवढी अक्षरं वाचत राहिले. परत आले ते डोळे लाल करूनच. बहुतेकांच्या नावापुढं काही नव्हतं. संचालक अप्पारावांच्या नावापुढं थोडं होतं. आणि अनसूयाबाईंच्या एकाच लेखाला चाळीसच्या वर उल्लेख. बाकी साऱ्या संस्थेचे मिळूनही तेवढे भरत नव्हते.

तो लेख होता काळ्या ज्वारीवरचा.

सुगीत पाऊस आला की खरिपाची ज्वारी कणसातच भिजते, दाण्याला बुरशी धरते आणि दाणा काळा पडतो. बाजारात त्याला कुणी विचारत नाही. सात-आठ वर्षांपूर्वी असाच पाऊस झाला होता, आणि ही ज्वारी खावी की फेकावी याचा घोर सगळ्यांनाच होता. तेव्हा बाईंनी झरीच्या पुढच्या फाट्यावर उतरून, चालत एका गावात जाऊन, घरोघरची ज्वारी जमा केली होती. ती दळून, क्लोरोफॉर्ममध्ये घोळून, तिचा अर्क काचपट्टीवर टिपक्या टिपक्यानं सोडला. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली पट्टी धरली. बुरशीचं विष असतं तर टिपका निळा चमकला असता. चमकला नाही. बाईंनी लिहिलं, या भागातली काळी ज्वारी दिसायला वाईट असली तरी विषानं धोक्याची नाही. तो लेख बाहेर छापून आला, दुसऱ्यांनी आधाराला घेतला, त्यावरून कृषी खात्याची पत्रकं निघाली, आणि पत्रकांवरून पुन्हा लेख.

अप्पारावांनी त्यांना बोलावून घेतलं. खुर्ची दिली, जी एरवी देत नसत. "बाई, मार्चात दिल्लीची कमिटी येईल. विभागप्रमुखाची जागा तुमचीच समजा. नवं यंत्रही येईल. फक्त त्याच विषयावर एक ताजा लेख जोडीला पाहिजे. यंदा पाऊस झालाय, ज्वारी काळी पडलीय. देवानंच सोय केली म्हणायची."

देवानं अशी सोय केली, हे बोलणं बाईंना बरं वाटलं नाही. पण घरी येऊन त्यांनी मारुतीपुढं नारळ ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांची मोजदाद केली होती आणि ती कमी भरली नव्हती.

मागच्या खेपेला त्या जाणार असल्याचा निरोप ग्रामसेवकानं आदल्या दिवशीच गावात दिला होता. यंदा निरोप द्यायला वेळ नव्हता. त्या एसटीनं निघाल्या आणि उन्हाच्या वेळी माणिकरावांच्या दारात उभ्या राहिल्या. माणिकराव गावातले मोठे जमीनदार, आणि त्यांची बायको पार्वतीबाई गावातली पहिली ओळख. मागच्या वेळी सगळ्या घरांच्या पिशव्या त्यांनीच गोळा करून दिल्या होत्या.

"अगं बाई, मास्तरीणबाई," पार्वतीबाई म्हणाल्या. बाई मास्तरीण नव्हत्या, पण त्यांना त्याच नावानं हाक मारायची असं गावानं ठरवून टाकलेलं. "कळवायचं तरी. असं कोरड्या हातानं सामोरं यायला लावलं आमाला. बसा, च्या टाकते."

"चहा राहू द्या. थोडी काळी ज्वारी पाहिजे, मागच्यासारखी."

"देते की. जरा दम खा, निवडून देते."

"निवडायला नको. आहे तशी द्या."

पार्वतीबाईंनी सूप हातात घेतलं होतं ते तसंच राहिलं. "हाय तशी कशी देऊ? पावण्या माणसाच्या पदरात काळं घालायचं? मागल्या बारीला तरी का तशी दिली होती? आदल्या दिशी साऱ्या आळीच्या बाया बसलो, काळं काळं येचून काढलं, बारक्या डागाचं तेवढं ठिवलं, धुतलं, माळवदावर वाळवलं. धुरपताबाईनं तर येक येक दाणा पुसला. तुमी म्हणला नव्हता का, लय चांगली ज्वारी दिली म्हणून?"

बाई म्हणाल्या होत्या. पिशवीत हात घालून, किती स्वच्छ हो, असं म्हणाल्याचं त्यांना आठवलं.

त्या ओसरीवर बसल्या. वालूरला त्यांची आई असंच करायची. दारात बैरागी आला तरी त्याला न निवडलेलं धान्य घालायची नाही, आधी सुपात निवडायची, मग पसा भरायची. त्या स्वतः आईजवळ बसून खडे वेचत. मुंबईचा कुणी शिकलेला चुकला असता तर त्याला ही रीत ठाऊक नव्हती असं म्हणता आलं असतं. अनसूयाबाईंना ते म्हणायची सोय नव्हती.

"आणि वेचलेली काळी कुठं गेली?" त्यांनी विचारलं.

"कुठं जाईल? गड्यांच्या रोजात दिली. धान फेकून का देतेत? यंदाबी तीच द्यायलोत. तुमचंच पत्रक आलं न्हाई का पंचायतीत, काळी खायला चालती म्हणून? मालक गड्यांना तेच दाखवतेत."

बाई उठल्या. गावाच्या खालच्या अंगाला मजुरांची वस्ती होती. मागच्या खेपेला तिकडंही जायचं मनात होतं, पण विद्यापीठाच्या नामांतरावरून वातावरण तापलेलं, तिकडं नका जाऊ बाई म्हणून ग्रामसेवकानं परतवलं होतं, आणि त्या बऱ्याच आहेत पिशव्या असं म्हणून परतल्या होत्या.

आज कुणी अडवलं नाही. पहिल्याच घरात सरजाबाई भेटली. माणिकरावांच्या शेतावर कामाला जाणारी, वाळलेली बाई. तिनं आत बोलावलं नाही, दारातच उभी राहिली. बाईंनी ज्वारी मागितली तेव्हा तिनं डब्यात हात घालून तशीच मूठ काढून पुढं धरली. राखेसारखी काळी, कुबट वासाची.

"ही खाता तुम्ही?"

"न्हाई तर काय बघत बसतो? कडू लागती. मीठ-मिरची लावून गिळायची." मग दाराशेजारी खाटेवर पडलेल्या म्हाताऱ्याकडं बघून म्हणाली, "सासऱ्याचं पोट फुगायलंय. दवाखान्यात कावीळ म्हणले. दीर मागल्या साली तसंच फुगून गेला. दारू प्यायचा म्हणतेत लोक. प्यायचा बी. पर सासरा तर माळकरी हाय."

परभणीला आल्यावर बाईंनी ती मूठ दळली. सगळं पहिल्यासारखंच केलं. अंधाऱ्या खोलीत दिवा लावला आणि पट्टी धरली. टिपका निळा चमकला. चांगला ठसठशीत, आकाशदिव्यासारखा. त्यांनी पुन्हा केलं, पुन्हा चमकला. वहीत तारीख घालून नोंद केली. सरजाबाईचा दीर ज्वारीनं गेला की दारूनं, हे कुठलीच पट्टी सांगणार नव्हती. पण ज्वारीनं गेला नाही असं म्हणायचा हक्क आता त्यांना उरला नव्हता.

अप्पारावांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, पण त्यालाही संस्था चालवायची होती.

"नवा लेख लिहा ना. नव्या नमुन्यात विष सापडलं, म्हणा. खोटं नाही ते. जुना चूक होता असं कशाला?"

"चूक होता म्हणून."

"बाई, त्या एका लेखावर आपलं सगळं वजन आहे. तो काढला तर काट्यात उरतं काय? तुमची जागा जाईल, ती जाऊ द्या. यंत्र जाईल. अनुदान जाईल. आणि लेख परत घ्यायचा म्हणजे काय हो? ज्यांनी आधार घेतला त्यांच्या घरी जाऊन सांगणार का?"

"जमेल तिथं सांगीन."

"तुमचा लेख आता तुमचा राहिला नाही," अप्पाराव म्हणाले. "मुलगी दिल्यासारखा आहे तो. दिल्या घरी काय करायचं ते करील."

बाईंनी तरी लिहिलं. आडवळणानं नाही, सरळ. आधीचे नमुने निवडलेले आणि धुतलेले होते, ते आपण विचारून घेतलं नाही, वस्तीतले नमुने घेतलेच नाहीत, म्हणून तो निष्कर्ष चुकीचा आहे, काळी ज्वारी माणसाला देऊ नये. छापायला वर्ष गेलं. तोवर कमिटी येऊन गेली होती. जागा दुसऱ्याला मिळाली, त्याच्या लेखांना उल्लेख नव्हते पण आक्षेपही नव्हता. यंत्र आलंच नाही. बाईंना गृहिणींना लोणची-मुरंबे शिकवायच्या वर्गावर नेमलं. प्रयोगशाळेची किल्ली त्यांनी स्वतःच नेऊन टेबलावर ठेवली, मागायची पाळी येऊ दिली नाही. कृषी खात्यात त्यांनी खेटे घातले. तिथला कारकून सभ्य होता. नवं पत्रक काढायला नवा प्रस्ताव लागतो म्हणाला, आणि प्रस्ताव दिल्यावर तो पुढं पाठवलाय म्हणाला.

नामांतर झालं त्या संक्रांतीला एसट्या बंद होत्या. त्या पुन्हा सुरू झाल्यावर दिनकरराव मेहुणीकडच्या लग्नाला हैदराबादला गेले, आणि कुणी न सांगता त्या ग्रंथालयातही जाऊन आले. आल्यावर ते लोणच्याच्या वर्गात येऊन बसले. बायका गेल्या, बरण्या पुसून झाल्या, तरी उठेनात.

"सांगा ना," बाई म्हणाल्या.

"पहिला लेख वाढलाय. साठाच्या पुढं गेला."

"आणि दुसरा?"

दिनकररावांनी चष्मा काढला. "दुसऱ्याखाली काही नाही, बाई. मी तीन वर्षांचे खंड पाहिले. वाटलं, भिंगातून सुटलं असेल, म्हणून पुन्हा पाहिलं."

 बाईंनी एका बरणीचं झाकण घट्ट लावलं, मग काढून परत लावलं. घरी गेल्यावर निरांजन लावलं. काय मागावं हे कळेना, म्हणून नुसत्या हात जोडून बसल्या.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांनी झरीची गाडी धरली. पंचायतीच्या भिंतीवर जुनं पत्रक होतं, उन्हानं पिवळं पडलेलं, चारी कोपऱ्यांनी घट्ट. त्यांनी ते नखानं सोलून काढलं. निम्मं भिंतीलाच राहिलं. मग खाली वस्तीत गेल्या.

सरजाबाईनं ओळखलं. सासऱ्याची खाट बाहेर नव्हती, बाईंनी विचारलं नाही. दारात उभं राहून त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. पत्रक खोटं आहे, ते माझ्याच लिहिण्यावरून निघालं होतं, काळी ज्वारी खाऊ नका, पोरांना तर मुळीच घालू नका. खावीच लागली तर काळा दाणा न् दाणा वेचून टाका.

सरजाबाईनं ऐकून घेतलं. रागावली नाही. रागावली असती तर बाईंना बरं वाटलं असतं. आत जाऊन तिनं सूप आणलं, डब्यातली ज्वारी त्यात ओतली आणि दोघींच्या मधे ठेवलं.

"दावा, बाई, कशी येचायची ती."

अनसूयाबाई उंबऱ्याबाहेर मांडी घालून बसल्या. आईजवळ बसायच्या तशा. वेचू लागल्या. काळा दाणा उचलून बाजूला, काळा दाणा उचलून बाजूला. बाजूचा ढीग वाढत गेला. बऱ्याच वेळानं सुपाच्या कडेला पांढरे दाणे उरले, ते एका ओंजळीतही भरले नसते.

सरजाबाईनं ते हातावर घेतले, पाहिले.

"हे पावण्यापुरतं झालं," ती म्हणाली. "आमी सहा जण हावोत."

मग तिनं बाजूचा काळा ढीग पदरानं गोळा केला आणि परत डब्यात भरला. बाई तिच्या हाताकडं बघत राहिल्या. अडवायला हात पुढं केला नाही, कारण अडवून त्या हातात दुसरं काय द्यायचं होतं?